सी-पेप्टाइडची नळी: जेऊरच्या लॅबमधून

जेऊरात रक्त काढायचं, साखर इथंच बघायची आणि सी-पेप्टाइडसारखं काही असलं की पुण्याला पाठवायचं, हे माझं रोजचं काम. त्यातून पदरी पडलेलं सांगतो.

१. “भाऊ, इन्शुलिन तर रोज टोचतोय, आता हे कशाला?” हा प्रश्न ठरलेला. स्वादुपिंडात आधी प्रोइन्शुलिन बनतं. १९६७ साली शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी ते उजेडात आणलं. ते तुटलं की एका इन्शुलिनमागे एक सी-पेप्टाइड सुटतं. बाटलीतल्या इन्शुलिनमध्ये ते नसतंच. शिवाय इन्शुलिन काही मिनिटांत निम्मं होतं, याला अर्धा तास लागतो. कणसं खाऊन संपली तरी पाल्यावरून किती सोलली ते कळतं, तसा हा स्वतःच्या इन्शुलिनचा हिशेब.

२. त्याच वेळची साखर शेजारी नसेल तर हा आकडा वाचूच नये. साखर ६० असताना सी-पेप्टाइड कमी येणारच. २८० असताना तेवढंच आलं, तर स्वादुपिंड हात टेकतंय. (साखर फार दिवस चढलेली असेल तर ते तात्पुरतंही दबतं, साखर आवरल्यावर डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात.) चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिली असेल तर मी फोन करून दुसरी विचारून घेतो.

३. एप्रिलमध्ये नळी टेबलावर ठेवून चहाला जायचं नाही. रक्त गोठलं की सेंट्रिफ्यूज, सिरम वेगळं, लगेच गार. लाइट जायच्या वेळेला नमुना घेतच नाही, पेशंट कितीही चिडो.

४. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर सी-पेप्टाइड उगाच जास्त दिसतं, कारण त्याचा निचरा मुख्यतः किडनीतून होतो.

५. केसांसाठी बायोटिन खाता का, हे विचारावंच. काही किटमध्ये आकडा खोटा कमी येतो.

६. केळीच्या बागेत राबणारी, अंगानं काटक, तिशीतली पोरं साखर घेऊन येतात. पोट नाही, मग शुगर कशी, असं घरच्यांना वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं याच कोड्यामागे आहेत. तिथल्या रुग्णांवरचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला: तरुणपणी टाइप टू झालेल्यांत निम्म्याहून अधिकांची मुख्य अडचण इन्शुलिनच अपुरं, ही होती. अर्थात कमी आकडा कारण सांगत नाही. टाइप वनची शंका असेल तर अँटिबॉडी वेगळ्या तपासाव्या लागतात.

७. इन्शुलिन सोडून चूर्ण घे, असं कुणी ना कुणी सुचवतंच. आकडा तळाला असलेल्याच्या हाती रिपोर्ट देताना मी आधी विचारतो, घरात इन्शुलिन किती दिवसांचं आहे?