वर्कस्टेशन घेताना : आधी काम, मग दाम



कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये सल्लागारांना तोटा नसतो. एक म्हणतो इंटेल घे, दुसरा म्हणतो रायझनशिवाय हात लावू नकोस, आणि तिसरा आधीच काचेच्या कॅबिनेटपर्यंत आणि रंगीत पंख्यांपर्यंत पोचलेला असतो. पैसे मात्र बाबांचे असतात, नाहीतर प्रोजेक्ट ग्रुपमधल्या चौघांनी काढलेल्या वर्गणीचे. विभागासाठी मशीन घ्यायचं असेल तर गोष्ट आणखी गंभीर, कारण ते पुढच्या पाच-सहा बॅचेसना पुरवायचं असतं.

या लेखात 'अमुक मॉडेल घ्या' असं सांगितलेलं नाही. भाव दर महिन्याला हलतात आणि नवी मॉडेल्स येतच राहतात. २०२५ च्या अखेरीस तर रॅमचे भाव असे भडकले की आधी काढलेली कोटेशन्स रद्दीत गेली. न बदलणारी गोष्ट एकच : आपलं काम नेमकं कुठे अडतं ते ओळखायचं आणि पैसा तिथेच घालायचा. बाकी सगळं त्यातून निघतं.

(लेखात 'बँडविड्थ' हा शब्द बऱ्याचदा येईल. त्याला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते कृपया विचारू नका. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नाही, आणि लॅमिंग्टन रोडवर कुणी म्हणत नाही!)

वर्कस्टेशन म्हणजे नक्की काय?

गेमिंग पीसी आणि वर्कस्टेशन यांच्या आतले भाग पुष्कळदा सारखेच असतात. फरक आहे तो कामाचा. गेम खेळताना मशीनला अधूनमधून उसंत मिळते. सिम्युलेशन किंवा मॉडेलचं ट्रेनिंग मात्र रात्रभर पूर्ण लोडवर चालतं, आणि सकाळी उत्तर बरोबर यावं लागतं. म्हणून महागड्या वर्कस्टेशनमध्ये ईसीसी रॅम असते. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटला तर ती रॅम ते ओळखते आणि दुरुस्त करते. डेल, एचपी, लेनोवो यांच्या तयार वर्कस्टेशनमध्ये शिवाय कॅड सॉफ्टवेअरसाठी तपासलेली ग्राफिक्स कार्ड्स आणि जागेवर येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी मिळते. जास्तीचे पैसे त्याचेच.

असेंबल्ड मशीन त्याच पैशात जास्त वेगवान पडतं, पण बिघडलं की कोणता भाग बिघडला हे शोधत आपणच फिरायचं. माझ्या मते विद्यार्थ्यांनी असेंबल्ड घ्यावं. विभागात मशीन बंद पडलं की सगळ्या बॅचचं प्रॅक्टिकल अडतं, तेव्हा सरांनी वॉरंटीचे पैसे द्यावेत.

आधी एक आठवडा मोजा

दुकानात जायच्या आधी आपलं खरं काम हातातल्या लॅपटॉपवर किंवा लॅबच्या पीसीवर छोट्या आकारात चालवा आणि टास्क मॅनेजर उघडून बघा, काय भरलंय?

१) सगळे कोअर पूर्ण चालतायत : जास्त कोअरचा प्रोसेसर लागेल.
२) एकच कोअर राबतोय, बाकीचे बसून आहेत : कोअर वाढवून उपयोग नाही, एकेक कोअर वेगवान हवा.
३) रॅम भरली आणि डिस्क सतत चालू आहे : रॅम वाढवा.
४) ग्राफिक्स कार्डची मेमरी संपल्याचा संदेश येतो : जास्त मेमरीचं कार्ड हवं.
५) ग्राफिक्स कार्ड रिकामं आणि प्रोसेसर घामाघूम : डेटा वेळेवर पोचत नाहीये. एसएसडी आणि प्रोसेसरकडे बघा.

दुसरा मुद्दा फसवा आहे. ८ थ्रेडच्या मशीनवर एकच थ्रेड पूर्ण चालू असेल तर एकूण आकडा जेमतेम १२-१३ टक्के दिसतो. आपल्याला वाटतं मशीन मजेत आहे. म्हणून प्रत्येक थ्रेडचा वेगळा आलेख लावून बघा.

एआयचं गणित : कार्डची मेमरी

२०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सट्सकेव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी 'ॲलेक्सनेट' हे मॉडेल बनवलं आणि चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं. ते मॉडेल सुपरकॉम्प्युटरवर शिकलं नव्हतं. गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेल्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवस चाललं होतं. दोन कार्ड का? एका कार्डवर मेमरी फक्त ३ जीबी होती आणि ६ कोटी पॅरामीटरचं ते नेटवर्क ट्रेनिंगसाठी त्यात मावत नव्हतं, म्हणून दोन कार्डांवर वाटून दिलं. म्हणजे आपली आजची अडचण तेव्हाही होती!

आता गणित करू, अगदी सोपं आहे. १६ बिटमध्ये एका पॅरामीटरला २ बाइट लागतात. ७०० कोटी पॅरामीटरचं भाषेचं मॉडेल (ज्याला सगळे 'सेव्हन बी' म्हणतात) नुसतं उघडायला १४ जीबी हवेत. तेच ४ बिटमध्ये आणलं तर साडेतीन जीबी, आणि वरखर्च धरून पाचेक जीबी. पण तेच मॉडेल नेहमीच्या 'ॲडम' पद्धतीने पूर्ण ट्रेन करायचं तर एका पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट लागतात, कारण ग्रेडियंट आणि ॲडमचे स्वतःचे आकडेही ठेवावे लागतात. ७०० कोटी गुणिले १६, म्हणजे ११२ जीबी. हे कुठल्याही एका घरगुती कार्डात बसत नाही. म्हणून 'लोरा'सारख्या पद्धती आल्या. त्यात मूळ मॉडेलला हात न लावता छोटासा जादा भाग तेवढा शिकवतात. २०२३ मध्ये आलेल्या 'क्यूलोरा'ने ६५०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल ४८ जीबीच्या एका कार्डवर शिकवून दाखवलं.

गेल्या वर्षी हॉस्टेलमधल्या एका ग्रुपने वर्गणी काढून मशीन घेतलं. प्रोसेसर वरच्या दर्जाचा, पंख्यांना इंद्रधनुष्य, कार्ड ८ जीबीचं. प्रोजेक्ट होता भाषेच्या मॉडेलचा. पहिल्याच रात्री पडद्यावर 'मेमरी संपली'! दुकानदाराचा काय दोष? त्याच्याकडे जे मागितलं ते त्याने दिलं. खरं तर २०२३ चं आरटीएक्स ४०६० टीआय हे एकच कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत निघालं होतं. आतली चिप तीच, मेमरी दुप्पट. वेग कमी असला तर काम उशिरा होतं, मेमरी कमी असली तर काम होतच नाही.

मेमरी किती आहे याच्या जोडीला ती किती वेगाने वाचता येते, तेही बघा. तीच बँडविड्थ. भाषेचं मॉडेल प्रत्येक शब्दतुकडा लिहिताना जवळपास सगळे पॅरामीटर एकदा वाचतं. आरटीएक्स ३०९० ची बँडविड्थ सेकंदाला ९३६ जीबी आहे. १४ जीबीच्या मॉडेलने भागलं की सेकंदाला जास्तीत जास्त ६६ तुकडे. तेच काम साध्या रॅमवर केलं, डीडीआर५ ५६०० च्या दोन स्टिक लावून, तर बँडविड्थ ८९.६ जीबी आणि तुकडे सहा-साडेसहा. प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून थोडे कमी येतात, पण प्रमाण साधारण हेच राहतं.

कंपनी कोणती? एनव्हिडियाचं 'कुडा' २००७ पासून आहे आणि एआयची बहुतेक सॉफ्टवेअर्स आधी त्यावर तपासली जातात. एएमडीवरही काम होतं, पण सबमिशनच्या आदल्या रात्री ड्रायव्हरशी झगडायचं नसेल तर एनव्हिडिया सोयीचं.

मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं

आमच्या मेकॅनिकलमध्ये हल्ली महागडं कार्ड घेतलं की सगळं पळेल असा समज झालाय. तसं नाही. सॉलिडवर्क्ससारख्या कॅडमध्ये पार्ट बांधण्याचं काम बहुतांशी एकाच कोअरवर चालतं, कारण एक फीचर आधीच्या फीचरवर उभं असतं. तिथे ३२ कोअर घेऊन ३० कोअर नुसते बघत बसतात.

सिम्युलेशनमध्ये कोअर कामी येतात, पण किती? १९६७ साली जीन ॲमडाल यांनी मांडलेला नियम आठवा. कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येत असेल तर १६ कोअरवर वेग १६ पट होत नाही, ६.४ पट होतो. कोअर कितीही वाढवले तरी १० पटीच्या पुढे जात नाही. उरलेला १० टक्के भाग एकट्यानेच करायचा असतो ना!

फायनाइट एलिमेंटमध्ये डायरेक्ट सॉल्व्हरला रॅम लागते. ठोकताळा असा की १० लाख डिग्री ऑफ फ्रीडमला सुमारे १० जीबी. सॉलिड एलिमेंटच्या एका नोडला ३ धरल्या तर १० लाख नोडना ३० जीबी. ३२ जीबीच्या मशीनवर विंडोज धरून हे बसत नाही. मग सॉल्व्हर डिस्कवर लिहायला लागतो आणि तासाभराच्या कामाला रात्र जाते. अशा वेळी ६४ जीबी रॅम कुठल्याही नव्या प्रोसेसरपेक्षा जास्त वेग देते. सीएफडीला १० लाख सेलमागे साधारण १ ते २ जीबी पुरतात, पण तिथे गाडी बँडविड्थवर अडते. साध्या डेस्कटॉपला रॅमचे २ चॅनेल असतात, थ्रेडरिपर प्रोला ८. म्हणून साध्या मशीनवर काही कोअरनंतर आणखी कोअर लावले तरी वेळ फारसा कमी होत नाही. आणि रॅमची एकच मोठी स्टिक घेऊ नका, जोडी घ्या. एका स्टिकने बँडविड्थ थेट निम्मी होते.

ग्राफिक्स कार्डवर सिम्युलेशन करायचं असेल तर आणखी एक मेख आहे. या गणितांना बऱ्याचदा ६४ बिटची अचूकता लागते. ४०९० सारख्या घरगुती कार्डांचा ६४ बिटचा वेग ३२ बिटच्या वेगाच्या चौसष्टावा हिस्सा असतो. एआयमधला वाघ इथे मांजर होतो. शिवाय सॉफ्टवेअरचं लायसन्स वाचा. विद्यार्थी आवृत्तीत नोडची संख्या मर्यादित असेल तर मशीन कितीही मोठं घ्या, मॉडेल लहानच राहणार.

एसएमपीएस, युपीएस आणि वॉर्डन

कार्डवर सगळे पैसे घालवून एसएमपीएस स्वस्तातला घेणं म्हणजे घोडा घेऊन खोगीर सुतळीने बांधणं. आरटीएक्स ४०९० एकटं ४५० वॅट ओढतं आणि २०२५ चं ५०९० तर ५७५ वॅट. ५०९० साठी कंपनीच १००० वॅटचा एसएमपीएस सांगते. दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा युपीएस साधारण ३६० वॅट देतो, म्हणजे वीज जाताच युपीएसही जाणार. लाईट जाण्यावर आपल्याकडे भरवसा ठेवता येतो, तेव्हा मोठा युपीएस आणि नीट अर्थिंग हे बजेटमध्ये आधीच धरा. आणि प्रोग्रॅममध्ये दर तासाला चेकपॉइंट सेव्ह करा, तो फुकट आहे.

हॉस्टेलच्या ६ अँपिअर सॉकेटमधून २३० व्होल्टला १३८० वॅट निघतात. ९०० वॅटचं मशीन त्यावर चालेल, पण शेजारी चोरून मॅगीची किटली लावली तर सगळा मजला अंधारात! शिवाय ९०० वॅट दहा तास म्हणजे ९ युनिट, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. मोठं मशीन लॅबमध्ये ठेवावं आणि खोलीतून लॅपटॉपने त्यावर काम करावं, हेच बरं.

मग घ्यायचं काय?

• चित्रं ओळखणं, छोटी मॉडेल्स, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट : मधल्या दर्जाचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, १२ ते १६ जीबीचं कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. रेसनेट-५० मध्ये पॅरामीटर अडीच कोटींच्या आसपास असतात, बॅच लहान केली की एवढ्यात आरामात काम होतं.
• भाषेची मॉडेल्स, लोरा : २४ जीबी किंवा जास्तीचं कार्ड, रॅम त्याच्या दुप्पट. जुनं ३०९० मिळालं तर विचार करा, पण दुकानात तासभर पूर्ण लोडवर चालवून बघा आणि बिल मागा.
• कॅड, फायनाइट एलिमेंट : वेगवान कोअर, ६४ ते १२८ जीबी रॅम, साधं कार्ड.
• विभागाचं मोठं मशीन : जास्त चॅनेलचा प्रोसेसर, ईसीसी रॅम, ४८ जीबीचं आरटीएक्स ६००० एडा किंवा ९६ जीबीचं आरटीएक्स प्रो ६०००, आणि मदरबोर्डवर पुढच्या कार्डासाठी मोकळी जागा.

आणि चौथी-पाचवी मीटिंग घेण्याआधी हेही विचारा : घ्यायलाच हवं का? वर्षातून तीन आठवडे लागणारं कार्ड गूगल कोलॅबवर किंवा तासाच्या भाड्याने मिळतं. रोज रात्री लागत असेल तरच विकत घेणं परवडतं.

सर आणि मॅडमना एक विनंती. विभागाच्या मशीनशेजारी साधी दोनशे पानी वही ठेवावी. कोणी काय चालवलं, किती नोड किंवा पॅरामीटर होते, किती तास लागले आणि शेवटी काय भरलं, हे प्रत्येकाने एका ओळीत लिहावं. दोन वर्षांनी नवीन मशीनचा प्रस्ताव करायची वेळ येईल, तेव्हा ही वही कुठल्याही सेल्समनपेक्षा खरं बोलेल.