मांडूची इमली आणि आफ्रिकेची वाट

इंदूरहून मांडूस गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तेथील गोरखचिंच पाहिली असेल. अवाढव्य बुंध्याच्या या झाडाचे फळ 'मांडूची इमली' म्हणून विकतात. झाड मूळचे आफ्रिकेचे. मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर ते इकडे आले असे सांगतात.

मग आफ्रिकेत इस्लाम कसा पोहोचला? शब्बाथ शाळेत मुलांनी विचारल्यास 'तलवारीने' एवढेच सांगून आपण मोकळे होतो. हे उत्तर अपुरे आहे. इ. स. 615 च्या सुमारास मक्केत छळले गेलेले महंमद पैगंबरांचे काही अनुयायी तांबडा समुद्र ओलांडून हबसाणात गेले. तेथील ख्रिस्ती राजाने त्यांना आश्रय दिला. मक्केचे वकील मागावयास आले तरी त्यांच्या हवाली केले नाही. ही गोष्ट आपल्या वर्गांत अवश्य सांगावी.

इजिप्त मात्र 639 ते 642 या काळात अरब सैन्याने जिंकले. सहाराच्या पलीकडे धर्म गेला तो मीठ व सोने वाहणाऱ्या उंटांच्या तांड्यांबरोबर. मालीचा राजा मनसा मुसा 1324 मध्ये मक्केच्या यात्रेस जाताना कैरोत थांबला, तेव्हा त्याने इतके सोने वाटले की तेथे सोन्याचा भाव उतरला!

पूर्वेकडील गलबतांत हस्तिदंत असे, तशी माणसेही असत. हबसाणात विकला गेलेला एक मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तो मलिक अंबर. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्यानेच 1610 मध्ये वसविले. त्याला इस्लाम मिळाला तो सैन्याकडून नव्हे, तर गुलामीत, धन्याच्या घरी.