मुका झालेला कॉम्प्युटर

अगं, तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला आणि हसूच आलं, रागावू नकोस. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलंस, सगळं सुरळीत चाललंय, फक्त आवाजाच्या जागी ‘डमी आउटपुट’ दिसतंय आणि तू थेट विचारतेस, साऊंड कार्ड गेलं का? थांब जरा. खरं सांगू का, माझा कॉम्प्युटर मुका झाला तेव्हा मी दोनदा अख्खं लिनक्स पुसून पुन्हा घातलं होतं. तिसऱ्या दिवशी कळलं, स्पीकरची पिन गुलाबी भोकात खुपसली होती. गुलाबी माइकचं गं, स्पीकरचं हिरवं! तेव्हा आधी मागे वाकून बघ.

पण माझं दुखणं वेगळं होतं, तुझं वेगळं. कार्ड दिसतंय पण बोलत नाही, हे एक. कार्ड सिस्टिमला सापडतच नाही, हे दुसरं. ‘डमी’ म्हणजे बहुतेक दुसरं. दोन्हींची औषधं एकत्र घोटलीस तर रात्र जाईल.

टर्मिनल उघड. घाबरू नकोस, तिथे नुसतं बघून काही मोडत नाही. ‘एलएसपीसीआय’ अशी अक्षरं इंग्रजीत, छोट्या लिपीत, जोडून टाइप कर. भली मोठी यादी येईल, त्यात ऑडिओ लिहिलेली ओळ शोध. ती दिसली की मशीनला कार्ड दिसतंय. नसेल तर बायोसमध्ये जा, तिथे ऑनबोर्ड ऑडिओ बंद करून ठेवलेला असतो कधीकधी. वेगळं खोचलेलं कार्ड असेल तर विजेची वायर काढ, कार्ड उपसून पुन्हा नीट बसव. धूळही पूस गं, आपल्याकडे कॉम्प्युटरच्या पोटात काय काय निघेल सांगता येत नाही.

आणि मशीन फारच म्हातारं निघालं, कार्ड लांबलचक काळ्या आयएसए खाचेत असलं, तर ते या यादीत येणारच नाही. १९९२ च्या साऊंड ब्लास्टर १६ सारख्या कार्डांना ड्रायव्हर चढवताना पत्ता हातानं सांगावा लागतो: पोर्ट २२०, आयआरक्यू ५, असं काहीबाही. तसं असेल तर एकटीनं भिडू नकोस, मला फोन कर.

यादीत ओळ आहे म्हणतेस? मग त्याच कमांडपुढे जागा सोडून वजाचिन्ह आणि ‘के’ लाव. आता प्रत्येक ओळीखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दिसेल. २००४ नंतरच्या बहुतेक बोर्डांवर तो ‘एसएनडी एचडीए इंटेल’ असतो. त्याआधीच्या इंटेल बोर्डांवर एसी ९७ जातीचा आवाज, त्याला ‘एसएनडी इंटेल ८एक्स०’ लागतो. ही ड्रायव्हरची ओळच गायब असेल तर बघ, चूक इथे आहे. ‘सुडो मॉडप्रोब’ लिहून त्यापुढे ड्रायव्हरचं नाव दे. तरीही तो दर वेळी पळून जात असेल तर ‘मॉडप्रोब डॉट डी’ फोल्डरमधल्या फायली वाच. कुणीतरी त्याला काळ्या यादीत टाकलेला असतो. माझ्याकडे ते ‘कुणीतरी’ मीच होते! कुठूनतरी उचललेली एक ओळ आदल्या महिन्यात चिकटवली होती आणि विसरले होते.

मग ‘एप्ले’, वजाचिन्ह, छोटा ‘एल’. इथे कार्ड आलं की अर्धी लढाई जिंकलीस. सुडो लावलं की दिसतं आणि न लावता दिसत नाही, असं झालं तर ती परवानगीची भानगड. बाबांच्या यूजरला ‘ऑडिओ’ गटात घाल, लॉगआउट करून परत ये.

कार्ड आलं आणि तरीही शांतता? आता ‘अल्सामिक्सर’ उघड. आधी एफ ६ दाबून खरं कार्ड निवड. जुन्या मशीनमध्ये कधी एचडीएमआयचंही एक कार्ड असतं आणि बिचारा आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात राहतो. मग काळ्या पडद्यावर उभे खांब दिसतील. खांबाखाली ‘एमएम’ म्हणजे म्यूट. बाणानं तिथे जाऊन एम दाब, की दोन शून्यं उमटतील. मास्टर उघडलास तरी पीसीएम आणि फ्रंट विसरू नकोस. अल्साची, म्हणजे लिनक्सच्या आवाज-यंत्रणेची, जुनी खोडच आहे, नव्या कार्डाचे आवाज आधी बंद ठेवायचे.

‘स्पीकर-टेस्ट’, त्यापुढे वजाचिन्ह सी २, वजाचिन्ह टी वेव्ह. ‘फ्रंट लेफ्ट’ असं बाईच्या आवाजात ऐकू आलं की चहा टाक. मग ‘सुडो अल्साकंट्रोल स्टोअर’ हवं, पण कमांडमध्ये कंट्रोलच्या जागी फक्त सीटीएल लिही. ते विसरलीस तर उद्या सकाळी परत मुका होऊ शकतो.

इतकं करूनही हाती काही लागलं नाही, तर हट्ट सोड. काही शे रुपयांचं यूएसबी साऊंड अडॅप्टर आण. बहुतेक अडॅप्टर लिनक्समध्ये खोचल्याबरोबर चालतात. बाबांना नाट्यगीतं ऐकायची आहेत, त्यांना मदरबोर्डशी काय देणंघेणं?

आता उठ आणि ‘एलएसपीसीआय’ मधली ती ऑडिओची ओळ मला पाठव. स्क्रीनचा तिरपा फोटो नको गं, मजकूर कॉपी करून पाठव.