दह्यातल्या जिवाणूंचा अंगरखा

गणपतीच्या पंचामृतात दही हवेच. एका घरचे दही सुरीने कापावे इतके घट्ट, तर दुसऱ्या घरच्याला तार सुटते. याचे एक कारण विरजणातल्या जिवाणूंच्या अंगावर असते.

दह्यात मुख्यतः लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस व लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू असतात. दुधातल्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, ते लॅक्टिक आम्ल करतात आणि दूध विरजते. प्रत्येकाभोवती पेप्टिडोग्लायकनची जाड भिंत असते. तिच्यामुळेच हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांच्या १८८४ सालच्या रंगपरीक्षेत हे जिवाणू जांभळे दिसतात. भिंतीत टायकॉइक आम्लांचे धागे असतात. ॲसिडोफिलससारख्या काहींवर प्रथिनांचे जाळेही असते.

काही वाण शर्करांच्या लांब साखळ्या तयार करून बाहेर सोडतात. या साखळ्या पाणी धरून ठेवतात. दही दाट होते, कधी तार सुटते. म्हणजे तार सुटलेले प्रत्येक दही नासलेले नसते. मात्र घाण वास, वेगळा रंग किंवा बुरशी दिसली तर ते टाकूनच द्यावे.

"डॉक्टर, दूध बाधते, मग दही चालेल का?" असे मला अनेक जण विचारतात. बहुधा चालते. लॅक्टोज पचवणारे विकर या जिवाणूंमध्ये असते आणि जठरातल्या आम्लातून जाताना भिंत त्याला सांभाळते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली हा गुण मान्य केला. अट एवढीच, की एका ग्रॅम दह्यात किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. कढी उकळली की हे जिवाणू मरतात. प्रथिने आणि कॅल्शियम उरतात, पण हा फायदा जातो.

आतड्यातल्या पेशी जिवाणूला त्याच्या अंगरख्यावरून ओळखतात आणि आपली प्रतिकारशक्ती त्यानुसार वागते. पण प्रत्येक वाणाचा अंगरखा निराळा. एका वाणावर सिद्ध झालेला गुण आपल्या घरच्या दह्याला आपोआप लागू होत नाही. 'प्रोबायोटिक' म्हणून महाग डबा घेताना त्यावर वाणाचे पूर्ण नाव आहे का, ते जरूर पाहावे.

इथे अल नस्रच्या दुकानातून विरजणासाठी दही किंवा लबान आणाल, तर विरजल्यानंतर तापवलेले नाही ना, हे वाचून घ्या. तापवलेल्याने दूध विरजणार नाही. कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा अवयवरोपण झाले असेल, तर घरचे दहीसुद्धा आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे. बाकी सर्वांनी रोज वाटीभर ताजे दही आनंदाने खावे.

गणपती बाप्पा मोरया!