चंद्रकोरीतील तीस घरे

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील बाथ हे शहर ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी पुरातन काळापासून प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात तेथे आरोग्यासाठी, आणि खरे सांगायचे तर त्याहूनही अधिक करमणुकीसाठी, श्रीमंतांची रीघ लागे. त्यांना राहण्यासाठी टेकडीच्या उतारावर १७६७ साली एका विलक्षण वास्तूचे काम सुरू झाले. तिचे नाव रॉयल क्रेसेंट. क्रेसेंट म्हणजे चंद्रकोर. १७१४ पासून १८३० पर्यंत त्या देशाच्या गादीवर जॉर्ज नावाचे चार राजे एकामागून एक आले, म्हणून त्या काळच्या बांधणीला जॉर्जियन म्हणतात. रॉयल क्रेसेंट हा तिचा उत्तम नमुना होय.

समोरच्या हिरवळीवरून पाहणाऱ्याला हा एकच भव्य राजवाडा वाटतो. मधाच्या रंगाच्या दगडाची दर्शनी भिंत कोरीसारखी वळत गेलेली आहे. तळमजला अगदी साधा. त्याच्यावर मात्र दोन मजल्यांची उंची व्यापणारे ११४ खांब ओळीने उभे आहेत. परंतु हा राजवाडा नव्हे. ती एकमेकांना खेटून उभी असलेली तीस घरे आहेत. धाकटा जॉन वुड या स्थापत्यकाराने केवळ दर्शनी भागाचा आराखडा ठरवून दिला होता. प्रत्येकाने त्या भिंतीचा आपल्या ऐपतीप्रमाणे एकेक भाग घ्यावा आणि तिच्यामागे आपल्या सोयीचे घर बांधावे, अशी ती योजना होती. त्यामुळे मागच्या बाजूने पाहावे, तर एकाचे छप्पर उंच, दुसऱ्याचे ठेंगणे. एकाची भिंत पुढे सरकलेली, दुसऱ्याची मागे राहिलेली. शिस्त काय ती सारी पुढे!

टोकाचे पहिले घर सर्वांत आधी बांधले गेले. १९७० पासून ते संग्रहालय म्हणून लोकांना खुले आहे. जॉर्जियन घरात कोण कोठे वावरत असे, ते तेथे चांगले कळते. तळमजल्यावर भोजनाची खोली आणि पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना असे. त्याहून वर शयनगृहे आणि अगदी माथ्यावर, छपराला टेकलेल्या खोल्यांत, नोकरांची निजण्याची जागा. सामान्यतः अशा घरांत पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच असत. वर जावे तसतशा त्या आखूड होत. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसत्या खिडक्यांवरून आतल्या माणसांचा मान कळत असे. शिवाय १६९६ पासून १८५१ पर्यंत इंग्लंडात खिडक्यांवर कर होता. तो चुकवण्यासाठी कित्येकांनी आपल्या खिडक्या बुजवून टाकल्या. उजेडावरही कर बसावा, हे नवलच!

नोकरांचा दिवस बहुधा तळघरात जाई. तेथे उजेड पोहोचावा म्हणून रस्ता आणि घर यांच्यामध्ये एक खोल मोकळा खड्डा ठेवलेला असे, आणि पदपथाखाली कोळशाच्या कोठ्या असत. त्या काळच्या अनेक स्वयंपाकघरांत भिंतीवर एक लाकडी चाक असे. त्यात एक लहान कुत्रा सतत पळे आणि विस्तवासमोरची मांसाची सळई फिरत राही. दिवाणखान्यातील पाहुण्यांना त्या कुत्र्याची धाप कोठून ऐकू येणार?

एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी बाथवर बाँब टाकले. क्रेसेंटमधील दोन घरे आतून जळून गेली. युद्धानंतर ती पुन्हा उभारण्यात आली, आणि आज त्या रांगेत खंड पडलेला कोठेही दिसत नाही.

मात्र एका जागी नजर अडते. सर्व घरांचे पुढचे दरवाजे पांढरे असावेत, असा तेथील रिवाज. १९७० च्या दशकात बावीस क्रमांकाच्या घरातील एका बाईंनी आपला दरवाजा पिवळा रंगवला. नगरपालिकेने तो पुन्हा पांढरा करण्याची नोटीस बजावली. बाईंनी ऐकले नाही. वाद सरकारातील मंत्र्यापर्यंत पोहोचला, आणि निकाल बाईंच्या बाजूने लागला. दरवाजा पिवळाच राहिला.