पेढी, कारागीर आणि परिवर्तन

संघटनेतील परिवर्तनाचा विचार करताना अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा मोठा कारखाना अथवा शासकीय खाते उभे राहते. तथापि सात-आठ माणसांची पेढी हीदेखील एक संघटनाच होय. तिच्यात अधिकाराची उतरंड असते, कामाची वाटणी असते आणि कोणते ज्ञान कोणापाशी राहावे याविषयीचे अलिखित नियमही असतात. रायपूरचा सदर बाजार ही सोन्याचांदीच्या व्यापाराची जुनी पेठ. चांदीचा सुता, ऐंठी किंवा करधन घेऊ पाहणारे खेड्यातले गिऱ्हाईक असो, की लग्नासाठी बावीस कॅरटचा हार पाहणारे शहरी कुटुंब असो, अशा पेठेतला व्यवहार पिढ्यानुपिढ्या पेढीच्या शब्दावर चालत आला. देशातील इतर सराफा पेठांप्रमाणेच या पेठेवरही गेल्या सहा दशकांत दोन मोठी परिवर्तने बाहेरून आली. त्या दोहोंची तुलना उद्बोधक आहे.

पहिले परिवर्तन १९६३ सालचे. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण तीव्र झाली होती. सोन्याची मागणी घटावी आणि चोरट्या आयातीस आळा बसावा, या हेतूने तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम जानेवारी १९६३ मध्ये लागू झाले. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई करण्यात आली. हेतू कितीही राष्ट्रीय असो, चौदा कॅरटचे सोने कठीण असते आणि सोनाराचा हात बावीस कॅरटच्या मऊपणावर घडलेला असतो, याचा विचार आदेश काढणाऱ्यांनी फारसा केला नाही. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली आणि असंख्य सोनारांचा रोजगार बुडाला. काही वर्षांतच हे बंधन मागे घ्यावे लागले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला, आणि चोरटी आयात त्या काळातही थांबली नाही.

दुसरे परिवर्तन शुद्धतेच्या शिक्क्याचे. सोन्याच्या दागिन्यांवर शिक्का देण्याची योजना भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सुरू केली, परंतु ती ऐच्छिक होती. १६ जून २०२१ पासून ती सक्तीची झाली, तीही प्रथम ज्या जिल्ह्यांत तपासणी केंद्र होते अशा २५६ जिल्ह्यांत. वार्षिक उलाढाल चाळीस लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्यांना वगळण्यात आले. कुंदन, पोलकी आणि जडावाचे काम यांनाही सूट मिळाली. लंडनमध्ये सुवर्णकारांच्या संघाच्या वास्तूत तपासणीची कचेरी १४७८ साली स्थापन झाली होती, हे लक्षात घेतले तर एकवीस वर्षांची ही पूर्वतयारी दीर्घ वाटू नये.

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली परिवर्तनाच्या तीन अवस्था सांगितल्या : जुनी घडी सैल करणे, बदल घडविणे आणि नवी घडी पक्की करणे. १९६३ साली पहिली अवस्था वगळली गेली. २०२१ साली ती वगळली गेली नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु ती घडली कायद्याच्या पातळीवर. पेढीच्या आत ती आपोआप घडत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

सोन्याची शुद्धता पूर्वी कसोटीच्या दगडावर पारखली जाई. दगडावरील रेघेचा रंग वाचणारी नजर एखाद्या जुन्या मुनिमाजवळ किंवा गलाईवाल्याजवळ असे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून निघालेले मराठी गलाई व्यावसायिक भारतभरच्या सराफा पेठांत सोने गाळण्याच्या याच विद्येवर स्थिरावले. क्ष-किरणांचे यंत्र आता काही क्षणांत आकडा दाखवते. वाद उपस्थित झाल्यास अग्निपरीक्षा होते : सोन्याचा कण शिशाच्या पत्र्यात गुंडाळून तापवतात, हीण धातू शोषले जातात, मग नत्राम्लाने चांदी वेगळी करून उरलेले शुद्ध सोने तोलतात. पारख अधिक अचूक झाली यात संशय नाही. पण ज्याच्या शब्दावर पेढी उभी होती, त्या माणसाचे स्थान डळमळले. मालकाने हे बोलून दाखविले नाही तरी त्या माणसाला ते कळतेच.

कारागिराची अडचण निराळी. दागिना जोडताना वापरायच्या डाकात हिणकस धातू जास्त असला तर सबंध दागिन्याची शुद्धता ९१६ च्या खाली उतरते. कॅडमियमच्या डाकाने हा प्रश्न सुटला, परंतु त्याच्या वाफा फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक ठरल्या. म्हणजे शिक्का दुकानात दिसत असला, तरी त्यासाठी बदलावी लागते ती कारागिराच्या पाटावरची रीत.

व्यापाऱ्यांचा विरोध झाला तो शिक्क्यापेक्षा प्रत्येक नगाला द्यावयाच्या सहा अक्षरांकांच्या ओळखक्रमांकाला. जुलै २०२१ मध्ये हा क्रमांक आला आणि २३ ऑगस्टला देशातील सराफांनी लाक्षणिक बंद पाळला. केंद्रात लागणारा वेळ आणि कागदपत्रांचा वाढता भार ही त्यांची तक्रार होती. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाविना विक्रीस मनाई झाली. अशा विरोधाला केवळ आडमुठेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी व्हर्जिनियातील पायजम्यांच्या एका कारखान्यात केलेला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला केवळ हुकूम सांगितला गेला, त्यातील सतरा टक्के कामगार पहिल्या चाळीस दिवसांत नोकरी सोडून गेले. ज्या गटांतील सर्वांनी मिळून नवी पद्धत ठरविली, त्यांचे उत्पादन थोड्याच काळात पूर्वीच्याही वर गेले.

सराफी पेढीत सहभागाचा प्रश्न अगदी ठोस रूपात उभा राहतो. तपासणीत दागिने नापास होऊन परत आले, तर गाळण्याची घट आणि वाया गेलेली मजुरी कोणी सोसायची? तपासणी केंद्राचा अहवाल मालकाच्या गल्ल्यात राहिला आणि तोटा तेवढा कारागिराच्या हिशोबात गेला, तर पुढचा दागिना कारागीर अधिक सावधपणे घडवील, पण त्याच पेढीसाठी घडवील असे नाही. अहवाल पाटाशेजारी बसून दोघांनी वाचला, डाक कोठे बिघडला हे पाहिले आणि घटीची वाटणी काम सुरू होण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवली, तर भांडणाला जागा कमी उरते. जुन्या मुनिमालाही येथे काम आहे : मोडीसाठी येणाऱ्या, शिक्का नसलेल्या जुन्या दागिन्यात डाक किती आणि लाख किती, याचा पहिला अंदाज तोच बांधू शकतो.