शब्द पाठ आहेत, तरी परीक्षेत अडतात

प्रश्न : मी बारावी झाले आहे, मराठी माध्यमातून. कर्मचारी निवड आयोगाच्या सीएचएसएल परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांची यादी रोज पाठ करते. पण गाळलेल्या जागा भरताना चुकते. काय करू?
— एक वाचक, खोडाळा (ता. मोखाडा)

उत्तर : यादी आजच बाजूला ठेवा. पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण असतात आणि त्यांतले बरेच प्रश्न शब्द वाक्यात कसा वागतो, हेच तपासतात. ‘यील्ड’ घ्या. तुम्ही ‘उत्पन्न’ पाठ केलंत. नाचणी-वरईच्या शेतीवरच्या उताऱ्यात ते बरोबर बसतं. पण ‘यील्डेड टू प्रेशर’ आलं, की तिथे अर्थ होतो ‘दबावापुढे नमणे’. शेजारचा ‘टू’ हीच खूण.

म्हणून रोज एकच छोटा उतारा घ्या. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं फुकट उतरवता येतात. रेंज मिळेल तेव्हा फोनमध्ये साठवून ठेवा. अनोळखी शब्द दिसला की लगेच शब्दकोश उघडू नका. आधी ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘देअरफोर’ शोधा. वाक्य कुठे वळतंय ते कळतं. अंदाज वहीत लिहा, मगच अर्थ पाहा आणि पूर्ण वाक्य उतरवून घ्या. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तो शब्द झाकून वाक्य वाचा. आठवायला पडलेले हे कष्टच शब्द पक्का करतात.

उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरण्यापूर्वी सगळा उतारा एकदा वाचाच. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात, बरोबर उत्तराला दोन मिळतात. त्यामुळे दोन पर्याय नक्की बाद झाले, तर प्रश्न सोडू नका.